आपल्या रानातील पशुपक्ष्यांचे छायाचित्रण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, कोरगाव येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानासाठी चार शब्द बोलावे अशी आज्ञा आम्हांस झाली, तेव्हा आम्ही थोडे संकोचात पडलो. आमचा पेशा शिक्षकाचा. शिक्षक उभा राहिला की मुलांना वाटते तास सुरू झाला, आणि मोठ्यांना वाटते आता हा उपदेश करणार. म्हणून शिक्षणाचा विषय बाजूस ठेवून आमच्या एका छंदाविषयी बोलावे असे आम्ही ठरविले. गेली वीस-बावीस वर्षे गळ्यात कॅमेरा अडकवून आम्ही या गावच्या खाजनात, कुळागरांत आणि सड्यावर भटकत आहोत. तुम्हांपैकी कित्येकांनी आम्हांस चिखलात पालथे पडलेले पाहिले आहे. "मास्तराक पिसें लागलां" असा अभिप्रायही काहींनी दिलेला आमच्या कानांवर आहे. तो अभिप्राय अगदीच चूक होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या पिशाने आम्हांस जे शिकविले ते सांगण्याची ही संधी आहे.

वन्य प्राण्यांचे फोटो म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ताडोबाचा वाघ नाहीतर आफ्रिकेतला सिंह उभा राहतो. त्यासाठी दूर जावे लागते, पैसा लागतो, अशी समजूत आहे. पण आपल्या तालुक्याकडे नीट पाहा. उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा, पश्चिमेस समुद्र, आणि मध्ये डोंगर व जांभ्याचे सडे. एका सकाळच्या पायपिटीत खारे पाणी, गोडे पाणी, दाट झाडी आणि उघडा कातळ अशा चारही परी आपल्याला भेटतात. प्रत्येक ठिकाणचे रहिवासी निराळे. खाजनात बगळे, खंड्या, तुतवार व शेकाट्या; भातशेतीत ढोकरी आणि पाणकोंबडी; कुळागरात भारद्वाज, हळद्या आणि क्वचित धनेश; सड्यावर टिटवी, चंडोल आणि मोर. संध्याकाळी कोल्ह्याची हाक ऐकू येते. मुंगूस तर आपल्या अंगणातून जातो. इतकी संपत्ती दाराशी असताना दूरदेशी कशाला जावे?

आता या छंदाचे थोडे तंत्र सांगतो. पुष्कळ पालक आमच्याकडे येऊन विचारतात, "सर, मुलाला कुठला कॅमेरा घ्यावा?" आमचे उत्तर ठरलेले असते. कॅमेरा शेवटी घ्या. आधी एक वही घ्या. कोणता पक्षी कोठे बसतो, किती वाजता येतो, काय खातो, हे वर्षभर वहीत लिहा. ज्याला पक्ष्याची दिनचर्या ठाऊक आहे त्याला साध्या कॅमेऱ्यानेही चांगला फोटो मिळतो. ज्याला ती ठाऊक नाही तो लाखाची भिंग घेऊन रिकाम्या फांदीचा फोटो काढून परत येतो.

खाजनाचेच उदाहरण घ्या. आपल्या पूर्वजांनी खाडीला बांध घातले, त्यांत मानशी बसविल्या, आणि खारे पाणी सोसणारे कोरगूट भात पिकविले. मानशीची दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. ओहोटीच्या वेळी पाणी बाहेर धावते, त्याबरोबर मासे येतात, आणि मासे येतात हे बगळ्याला आणि खंड्याला आपल्याहून आधी कळते. तेव्हा मानशीपाशी केव्हा जाऊन बसावे हे ठरविण्यास भरती-ओहोटीचे गणित हवे. ते गणित आपल्या मासेमार मंडळींकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. भरती पावणेचारला, तर त्याआधी सुमारे सहा तास ओहोटी. म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमारास पाणी तळाला जाणार. आपण आठ वाजता आडोशाला जाऊन बसावे. नववीच्या वर्गात अपूर्णांकांचा कंटाळा करणारी मुले हे गणित मात्र एका दमात सोडवितात, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट उजेडाची. फजरची नमाज आटोपून आम्ही बाहेर पडतो, तेव्हा शेजारच्या देवळातही पहाटेची घंटा वाजलेली असते. सूर्योदयानंतरचा दीड-दोन तासांचा उजेड तिरपा आणि मवाळ असतो. त्यात पिसांचा रंग खरा दिसतो. दुपारी बारा वाजता काढलेल्या फोटोत बगळ्याचा नुसता पांढरा डाग येतो. शिवाय काळ्या चिखलातल्या पांढऱ्या बगळ्यापुढे कॅमेऱ्याचीही फसगत होते. त्याला सारे दृश्य काळोखे वाटते, म्हणून तो उजेड वाढवितो आणि बगळ्याची पिसे पुसून टाकतो. अशा वेळी कॅमेऱ्याचे न ऐकता उजेड आपण थोडा कमी करावा. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पडदा उघडावा. आणि उभे राहून खाली पाहत फोटो न काढता पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे. आम्ही चिखलात पालथे का पडतो, याचा खुलासा एवढाच.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. आपल्याकडच्या दमट हवेत कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरते आणि मोठ्या किमतीचे भिंग दोन पावसाळ्यांत निकामी होते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्याने काम भागते. पुड्या ओलावल्या की वाळवून पुन्हा वापराव्या.

आता लपण्याविषयी. रिचर्ड व चेरी कीर्टन या इंग्रज भावांनी १८९२ साली पक्ष्याच्या घरट्याचा फोटो काढला, आणि पुढे आयुष्यभर हाच ध्यास घेतला. पक्ष्यांनी बुजू नये म्हणून त्यांनी १९०० च्या सुमारास एका बैलाच्या कातड्यात सांगाडा भरून पोकळ बैल तयार केला, आणि आत माणूस व कॅमेरा बसवून फोटो काढले! मुलांना ही गोष्ट फार आवडते. आपल्याला मात्र असा बैल करण्याची गरज नाही. आपल्या मळ्यांत खरी गुरे चरत असतात, आणि गायबगळे त्यांच्या पायांतून निर्धास्त हिंडत असतात. गुरांबरोबर हळूहळू, त्यांच्याच चालीने चालत राहिले तर बगळा आपल्यालाही गुरांतच जमा धरतो. या बाबतीत गुरे राखणाऱ्यांइतका चांगला गुरू नाही.

गुरे राखणाऱ्यांचा उल्लेख निघालाच आहे, तेव्हा जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही आज मुख्यतः उभे आहोत ती सांगतो. ती आमच्या मोठेपणाची नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची एप्रिल महिन्यातली ही गोष्ट. सड्यावर आम्हांस टिटवीचे घरटे सापडले. घरटे कसले, खड्यांमधली एक उथळ खळगी. तीत चार अंडी, निमुळती टोके आत करून मांडलेली, आणि रंगाने अगदी भोवतालच्या जांभ्यासारखी. दोन पावलांवरून पाहिले तरी दिसू नयेत. आम्हांस कोण आनंद झाला! परंतु फोटोत गवताच्या वाळलेल्या काड्या आडव्या येत होत्या. आम्ही त्या उपटल्या. एक दोन दगड बाजूस केले. शेणाचा एक वाळलेला गोवर होता तोही उचलला. मग दहा-बारा हातांवर छत्री लावून बसलो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती. तिचा जोडीदार समोर उतरून पंख पाडून धावत होता. आम्ही तेही फोटोत घेतले. दोन तास गेले. ऊन चढले. अखेर टिटवी अंड्यांवर येऊन उभी राहिली, आणि आम्हांस हवा होता तो फोटो मिळाला.

त्या फोटोला एका प्रदर्शनात बक्षीस मिळाले. आम्ही तो चौकटीत बसवून शाळेतल्या वर्गात लावला. काही दिवसांनी सड्यावर गुरे राखणारे एक वृद्ध गृहस्थ नातवाच्या दाखल्यासाठी शाळेत आले. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. आम्हांस वाटले, आता हे शाबासकी देतील. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, फोटो बरो जाला. पूण तांतयां खंय गेलीं?"

आम्ही निरुत्तर झालो. कारण दुसऱ्या दिवशी आम्ही सड्यावर गेलो होतो, आणि खळगी रिकामी होती, हे आम्ही कोणाला सांगितले नव्हते. त्या गृहस्थांनी कावळे उतरताना पाहिले होते. आम्ही ज्या काड्या उपटल्या, जो गोवर उचलला, तेच त्या अंड्यांचे छप्पर होते. टिटवी जी दोन तास ओरडत होती ती नुसती आमच्या भीतीने नव्हे. एप्रिलच्या उन्हात ती अंड्यांवर सावली धरते, पाण्यात पोट भिजवून येऊन त्यांना गारवा देते. ते तिचे काम आम्ही दोन तास थांबविले होते. आणि फोटोत जी ऐटीत उभी दिसत होती, ती ऐटीत नव्हती, घाबरलेली होती. बक्षीस देणाऱ्या परीक्षकांना ते कळले नाही, आम्हांस कळले नाही; गुरे राखणाऱ्या माणसाला कळले.

बंधुभगिनींनो, आम्ही बंदूक कधी हाती धरलेली नाही. म्हणून आम्ही स्वतःला निष्पाप समजत होतो. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पुढे आम्ही मुद्दाम वाचून काढला. त्यात शिकार या शब्दाचा अर्थ दिला आहे. नुसते मारणे व पकडणे एवढेच नव्हे, तर पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे हेही त्या अर्थात येते. म्हणजे कायद्याच्या भाषेत त्या दिवशी आम्ही शिकारच केली होती. फरक इतकाच, की शिकाऱ्याला आपण शिकार करीत आहोत हे ठाऊक असते.

त्या वेळी आम्हांस डॉ. सालिम अली यांची गोष्ट आठवली, आणि तिने धीर आला. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलाने लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यास तो मामांच्या सांगण्यावरून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी रागे न भरता कपाटे उघडून त्याला शेकडो पक्षी दाखविले. त्या एका मेलेल्या चिमणीपासून साऱ्या हिंदुस्थानचा पक्षिशास्त्रज्ञ घडला. १९८७ साली त्यांचे निधन झाले, आणि १९८८ साली आपल्या गोव्यात चोडण बेटावर त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य झाले. मांडवीतल्या खारफुटीचा तो जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचा तुकडा. परंतु प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी तो पाहावा. चुकीनंतर माणूस पुढे काय करतो यावर त्या चुकीचा अर्थ ठरतो, असे आम्ही त्या गोष्टीवरून समजलो.

टिटवीचा तो फोटो आम्ही वर्गातून काढला नाही. दरवर्षी नव्या वर्गाला तो दाखवून आम्ही ही गोष्ट सांगतो, आणि मग आमचे नियम सांगतो. घरट्याचा फोटो काढायचा नाही. पक्षी चरायचा थांबून मान उंचावून आपल्याकडे पाहू लागला की तेथेच थांबायचे. तो पुन्हा चरू लागला तरच पुढे. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचे नाही, कारण विणीच्या दिवसांत तो आवाज त्याला शत्रूचा वाटतो व तो पिल्ले सोडून भांडायला येतो. रात्री घुबडाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही. घुबड वा अजगर कोठे दिसला, ती जागा मोबाईलवरून जगजाहीर करायची नाही, कारण ते वाचणारे सगळेच सज्जन नसतात. आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकायचे नाही.

हे नियम केवळ छंदिष्टांपुरते आहेत असे कोणी समजू नये. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्यांतला एक तरुण सुळेवाला, ज्याला लोकांनी ओंकार असे नाव दिले होते, आपल्या पेडणे तालुक्यात आला. शेतकऱ्यांच्या उभ्या भाताचे नुकसान झाले ते दुःख मोठेच होते. परंतु त्याच्या मागे मोबाईल घेऊन जी झुंबड उडाली, ती पाहून आम्हांस आमची टिटवी आठवली. हत्ती वाट शोधत होता आणि माणसे त्याची वाट अडवून चित्रे घेत होती. बिथरलेला हत्ती माणसाच्या जिवावर उठू शकतो, आणि मग दोष हत्तीलाच लागतो. आमच्या एका विद्यार्थ्याने घरच्या मंडळींना गाडीतून उतरू दिले नाही. "सर, त्याने मान वर केली होती," असे तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. आमच्या साऱ्या बक्षिसांपेक्षा ते वाक्य आम्हांस मोलाचे वाटले.

मग फोटो काढावेच कशाला, असे कोणी विचारील. काढावे, कारण फोटो ही साक्ष आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय लागला की कॅमेरा आपोआप चाले. १९२७ साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि वाघ बंदुकीवाचूनही पाहता येतो हे जगाला कळले. आज त्याच युक्तीचे सुधारलेले रूप देशभर वापरतात. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते व सुमारे साडेतीन कोटी चित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, म्हणून चित्रांवरून मोजणी होते. आपल्या गोव्यातही वाघ आहे याची साक्ष अशाच चित्रांनी दिली. तरीही जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावली येथे चार वाघ मृत सापडले. साक्ष चित्र देते. राखण माणसालाच करावी लागते.

आमच्या स्वतःच्या संग्रहात मोपाच्या सड्याचे जुने फोटो आहेत. पावसाळ्यात कातळावर उमललेली सीतेची आसवे, त्यांच्यामध्ये उभा चंडोल. जानेवारी २०२३ पासून त्या पठारावर विमाने उतरतात. विमानतळ हवा होता की नको, हा आजचा विषय नव्हे. गावातल्या अनेक घरांत त्याची मते निरनिराळी आहेत. परंतु मुले ते फोटो पाहतात आणि विचारतात, "सर, हे इथलेच?" तारीख व जागा मागे लिहून ठेवली होती म्हणून आम्हांस "होय" असे खात्रीने म्हणता येते. जे लिहून ठेवले नाही, ते पुढच्या पिढीच्या दृष्टीने नव्हतेच.

म्हणून आजच्या मंगल प्रसंगी विश्वस्तांपुढे आम्ही एक मागणी ठेवतो. ट्रस्टने आजवर गावच्या मुलांना पुस्तके दिली, फीच्या अडचणी निवारल्या, हुशार मुलांना पुढे पाठविले. त्यात आणखी थोडी भर घालावी. दोन दुर्बिणी, एक साधा कॅमेरा, आणि एक जाड नोंदवही, एवढे वाचनालयात ठेवावे. दुर्बीण कोणत्याही मुलाला, कोणत्याही वाड्यावरच्या, सही करून नेता यावी. नोंदवहीत तारीख, जागा, भरती की ओहोटी, काय दिसले, हे लिहावे. जमल्यास फोटो चिकटवावा. दरवर्षी फेब्रुवारीत जगभर चार दिवस पक्षिगणना होते, आणि २०१३ पासून आपल्या देशातूनही तिच्यात नोंदी जातात. तिच्यात कोरगावचेही नाव जावे. आणि त्या वहीचे पहिले पान गुरे राखणाऱ्या, मासे धरणाऱ्या, बांध घालणाऱ्या वडील मंडळींना विचारून भरावे. त्यांना जे ठाऊक आहे ते आमच्या पदवीत नव्हते.

सड्यावरचे ते वृद्ध गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांचा नातू आमच्याच हाताखाली शिकून गेला. गेल्या वर्षी एप्रिलात तो आम्हांस सड्यावर भेटला आणि दुरूनच हाताने खूण करून थांबवू लागला. पुढे टिटवी बसली होती. आम्ही कॅमेरा पिशवीतून काढला नाही. दोघेही वळसा घालून दुसऱ्या वाटेने गावात आलो. त्या दिवसाचा फोटो आमच्याकडे नाही. वहीत मात्र नोंद आहे.

ट्रस्टचा हीरकमहोत्सव होईल तेव्हा आजची ही मुले येथे बोलावयास उभी राहतील. त्यांच्या हातात ती नोंदवही असावी आणि सड्यावर टिटवी असावी, एवढी आमची इच्छा आहे.